तीन खोल्यांचा मालक

थोरला खुर्चीवर रुमाल अंथरूनच बसला. बेघरांच्या निवाऱ्यातल्या खुर्च्यांचा काय भरवसा! समोरच्या लांब टेबलाशी तिथेच राहणाऱ्या दोन बहिणी भाजी चिरत होत्या, कोपऱ्यात एक म्हातारा तोंड उघडं टाकून घोरत होता, आणि न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास नाकात शिरत होता. थोरल्याने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि शेवटपर्यंत ती काही खाली ठेवली नाही.

“आलास दादा, बरं झालं,” धाकटा भाऊ म्हणाला. थोरल्याने नुसती मान हलवली.

या भावाने घराण्याचं नाव पार धुळीला मिळवलं होतं. टेम्पो चालवता चालवता बाटलीच्या नादी लागला, नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती गेलीच. मग एक दिवस थोरल्याच्या दारात येऊन उभा राहिला. थोरल्याने चार दिवस ठेवून घेतलं आणि पाचव्या दिवशी त्याची वळकटी बाहेर काढली. त्याचं थोरल्याला कधी वाईट वाटलं नाही. पुढे दोन वर्षं पुलाखाली काढली पठ्ठ्याने. आता म्हणे सुधारलाय! दारू सुटली, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात पहाटेच्या पाळीला जातो, चादरी धुतो. चादरी धुतो याचंसुद्धा कौतुक करायचं म्हणजे कमाल झाली.

आज त्याच्या खोलीचा निकाल होता. निवाऱ्याच्या मागे संस्थेने खोल्या बांधल्या होत्या. स्वतःचं कुलूप, स्वतःची शेगडी, कुणी उठवायला येणार नाही. त्यातली एकच रिकामी होती आणि मागणारे ढीगभर; भाजी चिरणाऱ्या त्या दोघी बहिणीही त्यांतल्याच. मिळाली तर धाकटा माणसात येणार होता, नाहीतर पुन्हा चाळीस जणांच्या हॉलमध्ये घोरणं ऐकत पडायचं. तू आल्याशिवाय मिळायची नाही, असं त्याने थोरल्याला फोनवर सांगितलं होतं. म्हणून स्वारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आली होती.

निवारा चालवणाऱ्या बाई चहाचा कप घेऊन टेबलाशीच बसल्या. आत बसून बोलू, असं थोरल्याने सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, इथे आत-बाहेर नाही, सगळं सगळ्यांसमोरच बोलतात. जे आहे ते चारचौघांत बोलता आलं की माणूस निम्मा सावरतो, असा त्यांचा अनुभव होता. थोरल्याला हसूच आलं. म्हणजे आता भाजी चिरणाऱ्यांपुढे घराण्याची अब्रू मांडायची!

“तुम्ही सध्या कुठे राहता?” बाईंनी थोरल्याला विचारलं.

धाकटा जमिनीकडे बघत होता.

“तीन खोल्या आहेत माझ्या,” थोरला म्हणाला. “वर गच्ची.”

आणि मग गाडी सुटलीच. फरशी कुठली, कपाटं कुणाकडून करून घेतली, बायकोला पडद्यांची हौस किती, सगळं बैजवार सांगून झालं. बहिणींच्या सुऱ्या थांबल्या. म्हातारासुद्धा जागा होऊन ऐकायला लागला.

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी नियम सांगितला. रक्ताच्या नात्यात कुणाचं घर असेल, तर इथली खोली मिळत नाही. ज्याला तसं कुणीच नाही, त्याच्यासाठी ती आहे.

“तीन खोल्या आहेत, तर भावाला घेऊन जाता का?”

“याला? माझ्या घरात?” थोरल्याने नाक मुरडलं. “एकदा ठेवून घेतलं, हात पोळले. ही माणसं रस्त्यावर येतात ना, ती स्वतःच्या कर्माने येतात, बाई. तुम्ही फुकट डोक्यावर बसवता त्यांना.”

बाई रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “पुन्हा विचारते. घर आहे तुमचं? नीट विचार करून सांगा. मग मला निकाल फिरवता येणार नाही.”

धाकट्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत अशी काकुळत होती की दगडालासुद्धा कीव आली असती. थोरल्याला सगळं कळत होतं. एक ‘नाही’ म्हटलं की भावाचं काम होत होतं. पण या असल्या लोकांसमोर स्वतःला बेघर म्हणवून घ्यायचं? त्याची जीभच रेटेना.

“आहे म्हटलं ना,” तो म्हणाला. “मी याच्यासारखा नाही.”

बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि खोलीची किल्ली उचलून त्या दोन बहिणींपुढे ठेवली. मोठी बहीण तोंडाला पदर लावून रडायला लागली, धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोरल्याला तो तमाशा बघवेना. पिशवी काखोटीला मारून तो उठला.

फाटकापर्यंत धाकटा सोबत आला. आता हा शिव्या घालणार, असं थोरल्याला वाटलं, आणि त्यावरचं उत्तरही त्याने मनात जुळवून ठेवलं. पण धाकट्याने फक्त फाटक उघडून धरलं. शेवटी थोरलाच म्हणाला, की उशीर होतोय, घरी वाट बघत असतील.

“दादा,” धाकटा रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, “आमच्या हॉस्पिटलात वॉर्डाबाहेरच्या बाकावर पेशंटचा नातेवाईक असल्याचं सांगून तू झोपलेला असतोस, ते मी रोज पहाटे बघतो. ती खोली मी आपल्या दोघांसाठी मागितली होती.”