नंबर एकतीसचं अंतर

हे तुम्ही खरं मानणार नाही, मंडळी. पैज लावतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही त्याला वेड्यात काढलं असतं. पण घडलं ते भर दुपारी, टेबलावर लख्ख ऊन पडलेलं असताना, त्याला मी तरी काय करू?

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर दोघं एका कॉम्प्युटरसमोर बसले होते. एक डॉक्टरबाई. दुसरे आकडेवाले. सतत दशांशांवरून वाद घालत, म्हणून सगळे त्यांना दशांशराव म्हणत. दम लागणाऱ्या पेशंटांवर बाईंनी नव्या गोळीचा प्रयोग केला होता. शेवटपर्यंत टिकले साठ. तिसांना खरी गोळी, तिसांना तशीच दिसणारी खोटी. मग बाहेरच्या तीस मीटरच्या पॅसेजमध्ये दोन टोकांना नारिंगी शंकू ठेवून प्रत्येकाला सहा मिनिटं चालवलं. कोण किती चाललं, ते मांडून ठेवलं.

खऱ्या गोळीवाल्यांची सरासरी जास्त आली होती. पण तो फरक गोळीचा की नुसत्या योगायोगाचा, हे टी-टेस्ट नावाच्या गणिताला विचारायचं. योगायोगाचा टक्का पाचाच्या खाली आला तर गोळी टिकली. वर राहिला तर कंपनी ती बनवायचीच थांबणार. आणि खास परवानगी काढून बाईंचा धाकटा भाऊ त्याच गोळीवर जगत होता.

दशांशरावांनी बटण दाबलं. पाच पूर्णांक आठ दशांश.

"थोडक्यात गेलं, बाई."

"थोडक्यात ना?"

"थोडक्यात गेलं काय, धो धो गेलं काय. गेलं."

बाईंचा चेहरा बघवेना, म्हणून दशांशरावांनी उगीचच पुन्हा बटण दाबलं. चार पूर्णांक सात.

त्यांनी चष्मा पुसला. टेस्ट माणसं मोजते आणि दोन वजा करून आकडा खाली दाखवते. साठांचे अठ्ठावन्न यायला हवेत. आले होते एकोणसाठ. त्यांनी यादी खाली सरकवली. तळाशी एक जास्तीची ओळ. खरी गोळी, नंबर एकतीस. चारशे पन्नास मीटर.

"पोस्टमनकाका," बाई पुटपुटल्या.

त्या गटातला एकतिसावा पेशंट. जन्मभर टपाल वाटलेला माणूस. "सहा मिनिटांत माझी एक गल्लीसुद्धा होत नाही," म्हणून कुरकुरायचा. चालण्याच्या आदल्या दिवशीच वारला, म्हणून त्याची ओळ काढून टाकली होती.

दशांशरावांनी ओळ पुसली. ती परत आली. आता चारशे ऐंशी. बरोबर एका पॅसेजाइतकी वाढलेली.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. सपक, सपक, सपक. थांबल्या. वळल्या. परत निघाल्या. दशांशरावांनी दार उघडलं. पॅसेज रिकामा. फक्त टोकाचा शंकू डुलत होता, वळताना कुणाचा पाय लागावा तसा.

"मेलेला माणूस हिशेबात धरत नाहीत, बाई." दशांशरावांनी दार लावून घेतलं.

"चालतोय ना?"

"चालतोय."

"मग धरा की."

"बाई, गोळी घेत असतानाच गेला तो."

बाहेर चपला थांबल्या. बाई काय ठरवतात ते ऐकायला थांबल्यासारख्या.

पण बाई खमकी, मंडळी! की-बोर्ड स्वतःकडे ओढला. एकदा पुसली, दोनदा पुसली, पाचदा पुसली. सहाव्यांदा काही ओळ आली नाही. पाच पूर्णांक आठच्या कागदावर त्यांनी सही ठोकली. बाहेरची पावलं जिना उतरून गेली. गोळी बंद झाली, आणि तो भाऊ, बिचारा, महिन्याच्या आत...

"पुरे, आजोबा!" माझी गोष्ट ऐकत बाकाच्या टोकाला बसलेला फिकट माणूस उठला. दोन वाक्यांच्या मधे त्याला दम खावा लागला. "ती डॉक्टर माझी ताई. तिनं ती ओळ पुसली असती, तर आज सकाळची गोळी मी कुठून घेतली?"