मुक्या जिवाला पाणी

मावशींच्या पिंजऱ्यातली आणखी एक कोंबडी मान टाकू लागली. तुरा निळा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. मावशींनी पसरट पातेलं तिच्यापुढे सरकवलं. तिने कशीबशी चोच बुडवली आणि तिथेच आडवी झाली.

"तहानेली तरी गेली नाही बिचारी," मावशी म्हणाल्या आणि पातेलं उचलून शेजारच्या गाळ्याकडे वळल्या.

पक्ष्यांच्या बाजारात हा त्यांचा रोजचा नेम. कुणाचं बदक असो, कुणाची कोंबडी. मुक्याला पाजलेला घोट देवाच्या ओठी लागतो, असं त्या म्हणायच्या.

"मावशी, एवढं पुण्य ठेवणार कुठे?" बदकवाला विचारायचा.

"तुझ्या पापांनी जागा सोडली, तर तुझ्याकडेच."

आज त्याने विचारलं नाही. त्याची निम्मी बदकं पोत्यात गेली होती.

टोकाच्या गाळ्यावर मात्र मावशींचा धाकटा दीर बसायचा. तो त्यांना जवळ फिरकू देत नसे.

"वहिनी, माझ्या पक्ष्यांचं मी बघीन. तुम्ही नका हात लावू."

"भावजी, पाण्याला कसलं आपलं-परकं?"

तो तोंड फिरवायचा. माणूस खडूस, पण मावशींचा नवरा गेल्यापासून दोन्ही घरांच्या चुली त्याच्याच जिवावर पेटत होत्या. मावशींच्या कोंबड्या संपल्यातच जमा. आता दिराच्याही गेल्या, तर पोरांच्या तोंडात काय घालायचं?

दुपारी पत्रा तापला. दीर जनावरांच्या डॉक्टरांना आणायला गेला होता. त्याच्या कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. "देवा, एवढ्या तरी ठेव," मावशी पुटपुटल्या.

डॉक्टर आले ते तोंडाला फडकं बांधूनच.

"कालच्या तपासणीत सगळ्या बाजारात रोग निघालाय. सगळे पक्षी मारावे लागतील. फक्त ह्या टोकाच्या गाळ्यात काही नाही. ह्यांना आजच दुसरीकडे हलवू."

भावाच्या मरणातही न रडलेला दीर मावशींचे पाय धरून रडू लागला.

"वहिनी, तुमचा देव पावला हो."

"देवाचं मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "आजारी पक्ष्यांचं उष्टं पाणी बाजारभर फिरलंय. ते इथे आलं नाही, म्हणून ह्या वाचल्या."

मावशींनी समोर पाहिलं. दिराच्या पाठीमागे, पिंजऱ्यात, त्यांच्या पातेल्याभोवती दाटी झाली होती. एकेक कोंबडी घोट घेत होती आणि देवाचे आभार मानावेत तशी मान आभाळाकडे उचलत होती.