निवृत्तीनंतरचा पाऊस

“मी निवृत्त झालो आणि या भागाचं हवामान कायमचं बदललं,” नरहर पोतनीसांनी पोह्यांच्या बशीवरून जाहीर केलं.

“बाहेरचं ठाऊक नाही, घरातलं बदललं खरं,” म्हणून लीलावतीबाई आत गेल्या.

पोतनीस चिडले. कारखान्यात सुपरवायझर असताना त्यांनी बरखेड्याच्या घराच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि अर्धं आयुष्य त्यातला पाऊस मोजला. निवृत्तीपासून पाऊस वाढल्याचं त्यांच्या नोंदींत स्वच्छ दिसत होतं. शेतकऱ्यांनी आता सोयाबीन सोडून धान लावावं, हे सांगायला ते कृषी खात्यात गेले. तिथे त्यांना चहा मिळाला. वर्तमानपत्राने त्यांचं पत्र छापलं नाही, हरवलेल्या कुत्र्याचा फोटो मात्र छापला. शेजारी रोज विचारायचे, “पोतनीस, आज छत्री घेऊ का?”

ऐकलं ते एकट्या मोहन पटेलने. दरवर्षी करोंदच्या पलीकडून त्यांना गहू आणून देणारा हा शेतकरी. त्याच्याकडे विहीर नाही, सगळी भिस्त आभाळावर. काल अंगणात उभा राहून तो म्हणाला, “बाबूजी, आपने कह दिया तो बस. इस साल पूरे खेत में धान.” पोतनीसांचे डोळे भरून आले होते.

आता फक्त सुचेताने होकार द्यायचा होता. त्यांची ही मुलगी कृषी महाविद्यालयात हवामानशास्त्र शिकवायची. तिने सगळे आकडे संगणकावर घातले होते, आणि मघापासून ती एकेक तारीख तपासत होती.

“बाबा, तुम्ही नोकरीत होतात तोवर एकाही रविवारी पाऊस नाही?”

“रविवारी सुट्टी.”

“पंधरा ऑगस्ट? राखी? जन्माष्टमी?”

“त्याही सुट्ट्याच.”

“पण सुट्टीचा पाऊस मापकात साचत असेल ना?”

“साचायचा की. दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचो. सोमवारच्या हजेरीत रविवारचं काम धरायची पद्धत नव्हती आमच्याकडे.”

“आणि निवृत्तीनंतर?”

“निवृत्ताला कसली सुट्टी? रोज मोजतो.”

सुचेताने कपाळाला हात लावला. “बाबा, पाऊस नाही वाढला. तुमचे कामाचे दिवस वाढले. धान लावलं तर मोहनभैया बुडतील.”

पोतनीसांनी पोह्यांची बशी दूर सारली. कृषी खातं, वर्तमानपत्र, शेजारी, सगळे बरोबर निघाले होते. तेही एक ओळ न वाचता. याचाच त्यांना सर्वांत जास्त राग आला.

“अहो, तो आज बियाणं आणायला निघणार होता,” लीलावतीबाई आतून ओरडल्या. “आधी फोन करा!”

पोतनीसांनी फोन उचलला, त्यात मोहनचं नाव शोधलं. आपलं ऐकणाऱ्या एकुलत्या एका माणसाच्या नावाकडे ते बघत राहिले. मग त्यांनी फोन मुलीपुढे सरकवला.

“तूच कर ना,” ते म्हणाले. “आज रविवार आहे.”