दगडाचा उपयोग

“पुन्हा शंभर!” सुरेश सर खुर्चीतून उठलेच. “प्रतिभाताई, हा वर्ग आहे की अकलेचा कारखाना?”

पांढुर्ण्याच्या शाळेत कॉम्प्युटर पहिल्यांदाच आला होता. सरांनी तो भोपाळहून जीपमधून, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन आणला होता. तो कल्पकतेला मार्क द्यायचा. प्रश्न एकच: दगडाचा असा उपयोग लिहा, जो दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. भोपाळच्या हजार मुलांची उत्तरं त्याच्या पोटात होती. तिथं कुणालाच न सुचलेल्या उत्तराला शंभर, पुष्कळांना सुचलेल्याला शून्य. पहिल्या नंबराला भोपाळचं विज्ञान शिबिर.

“माणूस मार्क देताना आडनाव वाचतो,” सर म्हणाले. “हा वाचत नाही.”

प्रतिभाबाईंना हेच तर हवं होतं. त्यांची सगळी भिस्त पुष्पावर होती. नदीपलीकडच्या सावरगावच्या हिरामण मजुराची ही पोर शिबिरासाठी नुसती आसुसली होती.

तिचं उत्तर भरलं आणि भोपाळच्या यंत्रानं सरळ भोपळा दिला. पुष्पानं मान खाली घातली.

“शंभरवाल्यांनी असं लिहिलंय तरी काय?” त्यांनी विचारलं.

सरांनी कौतुकानं वाचलं, “‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या लोकांना मारायला.’ काय भन्नाट डोकी आहेत! सगळीच्या सगळी!”

बाईंना हसता हसता टेबल धरावं लागलं. “अहो सर, ही आमची गोटमार, दोन काठांच्या गावांची दगडफेक! दरसाल होते. हे तर इथल्या पाळण्यातल्या पोरालाही सुचेल. ती भोपाळची उत्तरं काढा आन् ह्याच पोरायची भरा!”

 सर कपाळावर हात मारून भराभर बटणं दाबायला लागले. वर्ग श्वास रोखून बघत होता. मघाचे अक्कलवान एकामागून एक धडाधड पडले. शून्य. शून्य. पोरांनी एकच कालवा केला.

“पुष्पा, शंभर!” सर ओरडले. बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले.

“काय लिहिलं होतं वं?” बाईंनी विचारलं.

पुष्पा उभी राहिली. “नदीत ओळीनं मांडाले. माय मजुरीले इकडं येते, तं तिचं लुगडं भिजते.”

भोपाळात असली उत्तरं ढिगानं होती. इथं तिचं एकटीचं.

“हट्!” मागच्या बाकावरून देवीदास उसळला. “नदीत असा रस्ता करून ठेवला, तं गोटमार कशी होईन?”

पुष्पानं थोडा विचार केला.

“त्या दिवशी उचलून घ्याचे,” ती म्हणाली. “झाली का पुन्हा मांडाचे.”