तीन शिट्ट्या

“शनिवारपर्यंत ती पोरगी माझ्या शिट्टीला धावत आली नाही, तर इथे, याच खुर्चीत बसून अर्धी मिशी उतरवून घेईन!” तोंडभर फेसातूनच सुपरवायझर गरजला.

न्हाव्याने वस्तरा वर धरला. “आणि आली तर?”

“तर तू टक्कल करायचं.”

न्हाव्यासारखे केस अख्ख्या गल्लीत कुणाचे नव्हते. गिऱ्हाइकाच्या आधी तो स्वतःचेच विंचरायचा. तरी गड्याने हात पुढे केला. शेजारचा पंक्चरवाला साक्षीला उभा राहिला. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

सुपरवायझर हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतला. तिथे तो कुणाला हाकच मारत नसे. दोन बोटं तोंडात घालायची आणि शिट्टी. एक शिट्टी म्हणजे इस्त्रीच्या रोलरवरचे काका. दोन म्हणजे घड्या घालणारी मावशी. तीन म्हणजे नुकतीच लागलेली पोरगी; ती मात्र कालपासून शिट्टीला दाद देत नव्हती. तिला ठेवायचं की घालवायचं, ते शनिवारी तोच ठरवणार होता. आणि तिची आई अंथरुणाला खिळलेली, घरात कमावणारी ही एकटी.

त्याच दिवशी पुन्हा तीन शिट्ट्या वाजल्या. पोरगी जागची हलली नाही.

“बहिरी आहेस का गं?” सुपरवायझर तणतणत आला.

“नाही साहेब. पण मी काय बटाटा आहे, तीन शिट्ट्यांत शिजायला? नावाने हाक मारा, धावत येते.”

तो गेल्यावर मावशीच तिच्यावर उखडली. “आल्या आल्या शेफारू नकोस! तू जाशील निघून, आणि तुझ्या वाटणीच्या शिव्या आम्ही खाऊ.”

“मावशी, तुमचं नाव काय?”

“मेलीला नाव हवंय!” मावशीच्या हातातली घडी मात्र अर्धीच राहिली. मग तिने हळूच नाव सांगितलं.

रोलरवरचे काका चमकले. “अरेच्चा! इतकी वर्षं शेजारी उभा आहे, मला ठाऊकच नव्हतं.”

“तुम्ही तरी तुमचं कुठे सांगितलंत?” मावशी फणकारली.

मग काकांनीही सांगितलं. मग धुणाऱ्या पोरांनी. नवी पोरगी रोज सकाळी सगळ्यांना नावं घेऊन हाका मारायची. आधी सगळे लाजायचे. मग ओ द्यायला लागले.

आठवडाभर सुपरवायझरने गाल दुखेपर्यंत शिट्ट्या मारल्या. संध्याकाळी गल्लीत शिरला की पंक्चरवाला विचारायचा, “काय साहेब, मिशीला तेल लावून ठेवलंय ना?” तो दात खात घरी जायचा.

शनिवारी त्याचं डोकं सकाळपासूनच तापलेलं. भर गर्दीच्या वेळी त्याने काकांसाठी शिट्टी ठोकली, कानठळ्या बसतील अशी. काकांची मान सवयीने मागे वळली आणि हात तापलेल्या रोलरवर पडला.

काका असे किंचाळले की बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं आत डोकावली. पोरीने झेप घेऊन लाल बटण दाबलं आणि काकांचा हात नळाखाली धरला.

“डोळे कुठे असतात?” सुपरवायझर काकांवर ओरडला. “पाणी मार आणि मशीन चालू कर. वॉर्डात चादरी संपल्यात!”

काका कण्हत होते. कुणी हललं नाही. त्याने तोंडात बोटं घातली. तीन शिट्ट्या.

पोरीने मान वर केली नाही. काकांचा हात धरूनच राहिली.

मावशीने मात्र चादर खाली टाकली. ती चालत आली आणि त्याच्यापुढे उभी राहिली. तिच्यामागून धुणारी पोरं आली, मग वाळवणारी. सगळी लॉन्ड्री येऊन उभी राहिली.

“तुम्हाला कुणी बोलावलं?”

“शिट्टी वाजली.”

“ती हिची होती!”

“हिची म्हणजे कुणाची?” मावशीने विचारलं. “नाव घ्या, आम्ही जातो.”

सुपरवायझरला ते ठाऊकच नव्हतं. वॉर्डाचा फोन वाजायला लागला.

“सोमवारपासून ही येणार नाही!”

“मग आम्हीही नाही,” धुणाऱ्यांतला एक म्हणाला. “चादरींनाच शिट्टी मारा. धुतील आपापल्या.”

कुणी हसलं नाही. फोन थांबला, परत वाजायला लागला. सुपरवायझरने घाम पुसला. मग तो स्वतःच्या पायांनी नळापर्यंत गेला.

“तुझं... नाव काय?”

“आधी ज्यांचा हात भाजलाय, त्यांचं विचारा.”

त्याने विचारलं. काकांनी कळ सोसत सांगितलं. मग मावशीचं विचारलं, मग एकेकाचं. पोरीचं सगळ्यांत शेवटी. काकांना मलमपट्टीला तोच घेऊन गेला. दारातून वळून पोरीला म्हणाला, “सोमवारी वेळेवर या.”

‘ये’ नाही, ‘या’.

संध्याकाळी गल्लीत ही गर्दी! पंक्चरवाल्याने दुकान बंद ठेवलं होतं. लॉन्ड्रीतलेही आले होते, काका हाताला पट्टी बांधून. न्हाव्याने सुपरवायझरच्या गळ्याभोवती कापड झटकून बांधलं, आधी आपले केस नीट विंचरले आणि वाकून विचारलं, “साहेब, कुठली बाजू? डावी की उजवी?”

“विचारतोस काय? कर एकदाचं!”

गल्ली खदखदून हसली. मावशी हसली नाही. गर्दीतून वाट काढत ती थेट खुर्चीपाशी आली.

“विचारू दे त्याला,” ती म्हणाली. “नाव असो की मिशी, विचारायला कुणाच्या बापाचं काय जातं?”

हसू थांबलं. न्हावी वस्तरा धरून ताटकळला.

“डावी,” सुपरवायझर पुटपुटला.