पोलादराव विहिरीत

चाकणच्या मारुतीच्या देवळात रंगराव एसटीची वाट बघत टेकले. पिशवीत पोलादरावाच्या मरणाचे कागद होते. लोखंड वाकवणारा, आभाळात उडणारा हा वीर त्यांनी पुण्याच्या एका मासिकातल्या चित्रकथेत इतकी वर्षं जगवला. गेल्या अंकात त्याला साखळदंडांनी बांधून विहिरीत टाकलं, आणि मग त्यांनाच त्याला वर काढता येईना! शेवटी बुडवून मोकळे झाले. आज कागद संपादकांना दिले की लिहिणं संपलं. सोमवारपासून पिंपरीच्या कारखान्यात कारकुनी.

समोर पोथीच्या चौरंगावर तेच मासिक उघडं होतं. विहिरीचंच पान. वर जास्वंदीचं फूल.

"हे मिटून का ठेवत नाही कुणी?" रंगरावांनी विचारलं.

वाती वळणाऱ्या अंबूबाईंनी मान वर केली. "कसं मिटावं, दादा? सोपानराव पोथी वाचत्यात, त्यांनीच ह्ये बी वाचलं, आन् हितं येऊन संपलं. मानूस संकटात आस्ताना पोथी मिटू नये. म्या तर तवाधरनं गूळ सोडलाय."

"आणि तो वर आलाच नाही तर?"

"न्हाई कसा येनार?" अंबूबाई उखडल्या. "लिवनाऱ्यानं काय मारायला एवढा थोरला केला त्याला?"

आपल्या माणसासाठी कुणीतरी गूळ सोडला होता, आणि आपण त्याला बुडवायला निघालो होतो. बाहेर एसटीनं हॉर्न दिला. ते जागचे हलले नाहीत.

"पुढचं मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कुनी सांगितलं?"

"आत्ताच कळलं. सकाळी गावातल्या बाया पाणी शेंदायला येतात. पोहरा काही केल्या वर येईना. मग सगळ्याजणी दोराला लागतात आणि त्याला साखळदंडासकट वर ओढतात."

"बायांनी काढला?" अंबूबाई खुदकन हसल्या. "लाजला आसंल. मंग काय म्हनला?"

"म्हणाला काहीच नाही." रंगराव उठले आणि अंबूबाईंच्या पाया पडले. "एवढंच केलं."

अंबूबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी मासिक मिटलं, कपाळाला लावलं, आणि मारुतीपुढचा गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला.