पाणबंद दार

तिसरी एसटी उमरखेडकडे निघून गेली, तरी ती बाई दुकानासमोरच्या बाकावरून उठली नाही.

राजदीपनं मान खाली घालून मोटारीची वायंडिंग चालूच ठेवली. ढाणकीत हरभऱ्याची पेरणी लागली होती आणि जळालेल्या मोटारी दुकानाच्या दारात ओळीनं पडल्या होत्या. सकाळपासून त्यानं बाईला दोनदा सांगितलं होतं, "मले काही बोलाचं नाही." दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "बरं. मी थांबते."

शेवटी त्याची आई, तुळसाबाई, तिला चहा देऊन आली आणि लेकावर करवादली. "अरे, मुंबईहून आली ते. आयकून त घे काय म्हन्ते."

राजदीपनं हात पुसले. बाईनं कार्ड पुढं केलं. प्रेरणा चव्हाण, सागरी सल्लागार. जहाजांची सुरक्षा, अपघातांचा तपास, अडकलेली जहाजं सोडवणं.

"कंपनीनं पाठवलं?"

"नाही. अक्षय सोनटक्के यांच्या घरच्यांकडून आले."

म्हणजे आपल्याला फासावर चढवायलाच आली, राजदीपला वाटलं. अक्षय सोनटक्के जहाजावर थर्ड इंजिनिअर होते. राजदीप त्यांच्या हाताखाली ऑइलर, इंजिनाचं तेलपाणी बघणारा. तीन महिन्यांपूर्वी जहाज खडकावर घासलं, त्यात एकच माणूस गेला, तो अक्षय सर. कंपनीचं पत्र गल्ल्याच्या खणात पडून होतं. ऑइलरनं घाबरून, कोणाचा हुकूम नसताना पाणी अडवणारं पाणबंद दार लावलं आणि इंजिनिअर आत अडकले, असं त्यात लिहिलं होतं. खाली राजदीपची सही तेवढी बाकी होती. उद्या तो ती करणार होता. दार त्यानंच लावलं होतं ना.

"विचारा," तो म्हणाला.

तिनं वही उघडली. "पहिलं पाणी कुठं दिसलं?"

"इंजिन रूमच्या मागच्या खोलीत. सर व्हॉल्व बंद कराले आत गेलते. मी दारात उभा."

"पाणी किती?"

"घोट्याले. मंग एकदम मांडीले."

"मध्ये किती वेळ गेला?"

"एक मिनिट बी नाही."

ती एकेक आकडा लिहीत होती. आवाज सपाट. 'का केलंस' हे तिनं एकदाही विचारलं नाही.

"दार लावायला कोणी सांगितलं?"

राजदीप तांब्याच्या तारेकडं बघत राहिला. "कोनीच नाही."

"राजदीप, जहाज ओढून बंदरात आणलं, आतलं पाणी उपसलं, तेव्हा मी खाली उतरले होते. त्या दाराला दोन्ही बाजूंनी दांडा आहे. आतून कोणी तो उघडायच्या बाजूला धरला असता, तर तुमच्याकडून दार लागलंच नसतं. आतला दांडा बंदच्या बाजूला होता. शेवटपर्यंत ओढलेला."

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली. उचलायला तो वाकला नाही.

"सर ओरडले," तो हळूच म्हणाला. "लाव राजा, म्हने. वर मानसं हायेत."

"हे कोणालाच सांगितलं नाहीत?"

"मेलेल्या मानसाच्या तोंडी आपली सुटका कायले घालू? अन् खरं कोनं मानलं असतं?"

तुळसाबाईनं तोंडाला पदर लावला. तीन महिने तिनंही हे ऐकलं नव्हतं.

प्रेरणानं वही मिटली. "नंतर आतून ठोकल्याचा आवाज आला?"

"नाही. एकदा बी नाही. ठोकलं असतं त म्या उघडलं असतं, मॅडम. आईशप्पथ उघडलं असतं."

"म्हणूनच ठोकलं नसेल."

गार झालेला चहा तिनं एका घोटात संपवला. मग पुन्हा वही उघडली आणि त्याच्यापुढं फिरवून धरली. पानभर आकडे होते.

"दार उघडं राहिलं असतं तर बारा मिनिटांत जहाज उलटलं असतं. जीवरक्षक बोटी पाण्यात जायला बावीस मिनिटं लागली. वर एकोणीस माणसं होती. तुम्ही धरून वीस. मी हे गणित चार वेळा मांडलं. चारही वेळा उत्तर तेच आलं."

"मंग कंपनी असं काहून लिवते?"

"व्हॉल्व गंजलेला होता. दुरुस्तीची मागणी दोनदा गेली होती. तुमची सही झाली की ते कोणी विचारणार नाही. आणा ते पत्र."

त्यानं खण उघडून पत्र दिलं. तिनं ते पिशवीत टाकलं आणि बाकावर बसूनच त्याचा जबाब लिहायला घेतला. दोन ठिकाणी त्यानं दुरुस्ती सांगितली. पाणी मांडीला होतं, कमरेला नाही. सर 'लाव राजा' म्हणाले, 'बंद कर' नाही. तिनं दोन्ही दुरुस्त्या केल्या. राजदीपनं सही केली.

"चौकशीत हा जबाब मी स्वतः मांडणार," ती म्हणाली. "कितीही तारखा पडू देत."

"अन् त्यायच्या घरच्याइले पटन हे?"

"पटेल."

तिनं पेनाला टोपण लावलं. राजदीप जागचा हलला नाही.

"मॅडम, कागद कागदाच्या जागी. मले त्यायच्या बायकोचा पत्ता द्या. तिच्यापुढं उभं राहून, माह्या तोंडानं सांगाचं हाये मले. ते थोबाडीत मारन त मारन. पन सांगतल्याशिवाय मले सुदरत नाही."

प्रेरणानं जबाबाची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"सांगितलंत की तिला," ती म्हणाली. "आत्ताच."